गच्चीवरचं मीठ

“सांगितलं तर कुणालाही खरं वाटणार नाही,” बळवंतराव चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले, “पण आपलं मीठ माकडं नेतात. मी स्वतः पाहिलं. सात होती. प्रत्येकानं एकेक वडी गालात धरली आणि टाकीवरून रांगेनं पलीकडच्या गच्चीवर गेली. शेवटचा तर ओळखीचा वाटला. तुझ्या मंत्रालयात कँटीनच्या खिडकीत बसायचा बघ, तोच.”

विजयालक्ष्मीबाई कैरीची साल काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“रिटायर झाला असेल, आपल्यासारखाच. टाकीचं झाकण कुणी उघडलं?”

“झाकण?”

“मिठाच्या टाकीला झाकण आहे. ते दोन्ही बाजूंनी दाबून उचलावं लागतं. एजन्सीच्या संग्रामनं सांगितलं होतं.”

बळवंतरावांनी कप पुन्हा उचलला. “पुढच्यानं उघडलं. तो सीनियर होता.”

माकडं खोटी होती, पण मीठ जात होतं, ते अगदी खरं.

फरीदाबादच्या त्या भागात बोअरचं पाणी इतकं जड, की सकाळी नळाखाली ठेवलेली कळशी संध्याकाळी उचलायला दोन माणसं लागायची, असं बळवंतराव सांगत. विजयालक्ष्मीबाई नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यातून निम्मं वजा करत. इथंही केलं की एक माणूस उरायचा, आणि तेवढं बरोबर असायचं. नळांच्या तोंडाशी पांढरे खडे जमायचे आणि गीझर दर हिवाळ्यात मान टाकायचा. वरच्या मजल्यावर मुलगा अनुराग आणि सून केतकी राहत. केतकी पुण्याची. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातात केसांचे पुंजके यायला लागले तेव्हा तिनं गच्चीवर वॉटर सॉफ्टनर बसवून घेतला आणि मग नवरा-बायको पुन्हा रोज सकाळी आठला गुरुग्रामच्या ऑफिसला जायला लागली. यंत्र सांभाळायचं आलं सासूच्या गळ्यात.

यंत्राचं काम केतकीनं चार वेळा समजावून सांगितलं होतं. “आई, त्या उभ्या नळकांड्यात साबुदाण्यासारखे मणी आहेत. पाण्यातला जडपणा ते धरून ठेवतात. मणी भरले की यंत्र शेजारच्या टाकीतल्या मिठाच्या पाण्यानं त्यांना धुतं आणि ते धुवण गटारात सोडतं. आपल्या नळाला खारं पाणी येत नाही हो.”

“मग मीठ जातं कुठं?”

“गटारात!”

या उत्तरानं विजयालक्ष्मीबाईंचं समाधान होणं शक्य नव्हतं. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. लोणचं गेलं, पापड गेले, आमटीला चव उरली नाही. आणि नेमकं आपल्या डोक्यावर, गच्चीवर, पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्या रिकाम्या होतात हे त्यांना सहन होईना. आपल्या घरातलं मीठ कमी करायचं, असा त्यांनी निश्चय केला. त्यांचा निश्चय काय असतो हे दिल्लीत पुष्कळांना माहीत होतं. बावीस वर्षं त्या मंत्रालयाच्या दक्षता शाखेत होत्या. एका उपसचिवाला त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघून पंधरा दिवस रजेवर पाठवलं होतं.

फेब्रुवारीत त्यांनी एजन्सीचा माणूस बोलावला. संग्राम. चाळिशीचा, पलवलकडचा, स्कूटरच्या पायाजवळ गोणी उभी करून आणणारा. त्यानं छोट्या बाटलीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकत गेला, गुलाबी पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजले आणि डोकं हलवलं.

“आंटीजी, मशीन पुराने पानी पे सेट है. अब तो आधा नगर निगम का पानी मिलता है. इतना नमक चाहिए ही नहीं.”

मग त्यानं यंत्रातला जडपणाचा आकडा खाली आणला. दर तिसऱ्या दिवशी मणी धुवायचं बंद करून, ठरावीक लिटर पाणी गेल्यावरच धुवायचं असं लावलं. एका धुण्याला लागणारं मीठ कमी केलं. बागेचा नळ आणि अंगण धुवायचा नळ कच्च्या, म्हणजे यंत्रातून न गेलेल्या, पाण्यावर घेतला, कारण जास्वंदीला मऊ पाणी कशाला? तीन आठवड्यांत संपणारी गोणी त्यानंतर जवळजवळ दोन महिने पुरली. विजयालक्ष्मीबाई संग्रामला “शाब्बास” म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी निघाला होता ते बळवंतरावांनाही आठवेना, आणि त्यांना तर न घडलेल्या गोष्टीही आठवत.

पण एप्रिलच्या मध्यापासून चक्र उलटं फिरलं. गोणी अठरा दिवसांत गेली. पुढची बारा दिवसांत.

विजयालक्ष्मीबाईंनी शांतपणे विचार केला. गोणी वर कोण नेतं? संग्राम. झाकण कोण उघडतं? संग्राम. रिकामी गोणी घडी करून खाली कोण आणतं? संग्राम. भरलेलं मीठ कुणी पाहिलं? कुणीच नाही. त्यांचा डावा गुडघा बदललेला आणि उजवा बदलायचा राहिलेला. गच्चीच्या अडतीस पायऱ्या त्यांनी वर्षभरात चढल्या नव्हत्या. संग्राम गोणी अर्धीच ओतून उरलेली स्कूटरवरून दुसऱ्या घरी नेत असेल तर? ‘कमी मीठ लागेल’ असं सांगून आधी विश्वास मिळवायचा आणि मग हात मारायचा. ही पद्धत त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. शाब्बास म्हटल्याचा आता त्यांना पश्चात्ताप झाला.

त्यांनी एजन्सीला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, उसकी दो कंप्लेंट पहले से हैं. आप लिखित में भेज दीजिए, शनिवार तक. तीसरी आई तो हम निकाल देंगे.”

दुसऱ्या कुणी लगेच लिहून टाकलं असतं. पण आरोपीला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय शिक्षा करायची नाही, हा नियम त्यांच्या रक्तात होता. त्यांनी तक्रारीचं पत्र तयार करून सही न करता ठेवलं, आणि संग्राम आला तेव्हा त्याच्या हातात आधी एक कागद ठेवला. कारणे दाखवा नोटीस, हिंदीत, चार मुद्द्यांची.

संग्रामनं ती अंगणात उभ्यानंच वाचली. कपाळावरचा घाम कागदावर पडला.

“आंटीजी, मैं चोर नहीं हूँ.”

“मैंने चोर लिखा ही नहीं,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. “‘कथित’ लिखा है.”

“ये नौकरी गई तो पूरे फरीदाबाद में कोई नहीं रखेगा. नमक चोर को कौन रखेगा?”

“उत्तर तीन दिन में. शनिवार दोपहर एक बजे सुनवाई.”

बळवंतराव दारातून हे ऐकत होते. संग्राम मान खाली घालून स्कूटरकडे वळला तेव्हा ते घाईघाईनं आत गेले आणि त्याच्यासाठी पन्ह्याचा पेला घेऊन आले. पेला देताना त्याच्याकडे न बघता जास्वंदीकडे बघत राहिले. विजयालक्ष्मीबाईंनी हे पाहिलं. आरोपीशी साक्षीदाराची इतकी सलगी त्यांना आवडली नाही. हे दोघं मिळालेले तर नाहीत?

संग्रामचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, वहीच्या पानावर. गयावया अजिबात नव्हती. मीठ पाण्याच्या मागे जातं, त्यानं लिहिलं होतं. मऊ पाणी जास्त वापरलं तर यंत्र मणी जास्त वेळा धुणार, मीठ जास्त जाणार. यंत्राच्या डोक्यावर पडदा आहे, रोज किती लिटर गेलं ते त्यावर दिसतं. मार्चमध्ये तुमच्या घरात चारशे लिटर जात होतं. आज बघा. चारशेच असेल तर मी चोर. जास्त असेल तर पाणी शोधा.

विजयालक्ष्मीबाईंनी तो कागद दोनदा वाचला. मुद्देसूद होता, आणि त्यामुळे जास्तच संशयास्पद. पण पडदा वर होता आणि गुडघे खाली. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

“अहो, वर जाताय ना? यंत्रावरचा आकडा बघून या. कालच्या दिवसाचा. आणि मोबाइलवर फोटो काढा.”

बळवंतराव रोज दुपारी वर जातच. गच्चीवर एकुलती एक खोली होती, दिल्लीकडे तिला बरसाती म्हणतात. तिथं बसून आपण जप करतो असं ते एप्रिलपासून सांगू लागले होते. जपाची निम्मी माळ वजा करून विजयालक्ष्मीबाईंनी ठरवलं होतं की हा माणूस बिड्या ओढत असणार. दोनदा सदरा हुंगून पाहिला, वास आला नाही. तरी त्यांनी तो विषय बंद केला नव्हता.

चार वाजता बळवंतराव खाली आले. “चारशे दहा,” ते म्हणाले.

“फोटो?”

“हा घे.”

फोटोत त्यांचा अंगठा होता. अंगठ्याच्या मागे कुठंतरी उजेड होता.

“चारशे दहा,” विजयालक्ष्मीबाईंनी नोंदवलं. संपलं तर. संग्राम चोर. त्यांनी तक्रारीचं पत्र काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

आणि पेन तसाच राहिला.

बेचाळीस वर्षं त्या या माणसाबरोबर संसार करत होत्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना तो सरोजिनी नगरच्या बाजारात पायमोजे आणायला जाई आणि दोन तासांनी पायमोज्यांशिवाय, चार गोष्टी घेऊन परत येई. एका गोष्टीत रिक्षावाला राजघराण्यातला निघे, दुसरीत दुकानदाराला रडू फुटे. सरकारी भाषांतर विभागात याच माणसाच्या परिपत्रकांत मूळ इंग्रजीत नसलेली दोन वाक्यं सापडायची आणि वरिष्ठांना तीच आवडायची. दूध उतू गेलं हे सांगायलासुद्धा त्याला पाच मिनिटं लागत. आणि आज? अडतीस पायऱ्या चढून, यंत्राशी उभं राहून, पंचेचाळीस अंशांत खाली येऊन तो सांगतो, चारशे दहा. त्या आकड्याला एक माकडसुद्धा चिकटलेलं नाही.

त्यांनी नेहमी त्याच्या बोलण्यातून निम्मं वजा केलं होतं. आज वजा करायला काहीच नव्हतं. आणि त्यांनी मुकाट्यानं विश्वास ठेवला होता! बावीस वर्षांत कुणाच्या पाहणी अहवालावर त्यांनी डोळे मिटून सही केली नव्हती, पण घरातल्या चौकशीचं काम त्यांनी बिनदिक्कत अशा माणसाकडे दिलं, ज्याला स्वतःला त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता.

हळूहळू बाकीचंही वर आलं. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराच्या बरसातीत तीन-तीन तास बसून हा माणूस खाली येतो तो कोरडा. सदरा अंगाला चिकटलेला नाही. चेहरा आंघोळ केल्यासारखा. परवा तर खाली येऊन म्हणाला, “थोडा आल्याचा चहा कर गं, थंडी वाजतेय.” त्यांना वाटलं, ताप असेल. थर्मामीटर लावून पाहिला होता.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. फक्त रात्रीच्या आमटीत चुकून जरा मीठ पडलं, आणि त्यांनी ती तशीच खाल्ली.

शनिवारी साडेबाराला बळवंतराव माळ घेऊन वर गेले. एकला संग्राम आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कोर्टात जायचंय. विजयालक्ष्मीबाई हातात सही न केलेलं पत्र घेऊन जिन्याशी उभ्या होत्या.

“सुनवाई ऊपर होगी,” त्या म्हणाल्या. “आप आगे चलिए.” संशयित माणूस पाठीमागे नको, ही जुनी सवय.

“आंटीजी, घुटना...”

“घुटना मेरा है.”

दहाव्या पायरीवर त्या थांबल्या, अठरावीवर बसल्या, तिसावीवर कठड्याला धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. संग्राम दोन पायऱ्या वर उन्हात वाट बघत होता. त्यानं हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो आधी नीट पाहिला. मीठ उचलून उचलून बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मग त्यांनी तो हात धरला.

गच्चीवर ऊन भाजत होतं. चोहीकडच्या घरांचे कूलर घरघरत होते. त्या घरघरीत एक आवाज फार जवळचा होता. विजयालक्ष्मीबाईंनी यंत्राकडे पाहिलं, पडद्यावर वाकल्या. कालचे लिटर, एकोणीसशे नव्वद.

“देखा?” संग्राम कुजबुजला.

 एवढ्यानं कुणी सुटत नाही. पडद्यावरचा आकडा संग्रामच बदलू शकतो, हेही त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी बरसातीचं दार ढकललं.

आत हिमालय होता. खाटेवर बळवंतराव पाठ करून झोपले होते, अंगावर चक्क चादर. उशाशी, खिडकीत, जुना पत्र्याचा कूलर वादळासारखा वारा फेकत होता. हिरवा, डाव्या कोपऱ्यात पोचा आलेला. लक्ष्मीबाई नगरच्या तीस उन्हाळ्यांचा त्यांचा कूलर. त्यात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून पालिकेच्या माणसांनी विजयालक्ष्मीबाईंना नोटीस दिली होती, आयुष्यातली एकमेव. त्याच दिवशी त्यांनी तो कबाडीवाल्याच्या गाडीवर चढवला होता आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभ्या होत्या. कूलरच्या पोटातून एक बारीक धार वाहत मोरीत जात होती, कारण पाणी भरलं की आपोआप बंद होणारा आतला तरंगता नळ अडकलेला दिसत होता.

“अहो!”

बळवंतराव ताडकन उठून बसले. बायको, संग्राम, कागद, असं क्रमानं पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, विजयालक्ष्मीबाईंना ओळखीचा असलेला, एक प्रसन्न भाव पसरला.

“हळू बोल. सापळा लावलाय. चोर इथं गारव्याला येतो.”

“हा कूलर कुठून आला?”

“अगं, तीच तर गंमत. कबाडीवाल्यानं हा थेट पानिपतला नेला. तिथं भंगाराच्या ढिगावर टाकणार, तेवढ्यात कूलर आपोआप सुरू झाला. वीज नाही, काही नाही. कबाडीवाला घाबरला. म्हणाला, हा कुणातरी मराठी माणसाचा दिसतो, याला इथं ठेवणं बरं नाही. परत आणून दिला बिचाऱ्यानं. पानिपतावरून सुखरूप परत आलेला हा पहिला मराठी कूलर आहे, विजू.”

संग्रामला निम्मं कळलं. विजयालक्ष्मीबाईंना सगळं कळलं, आणि क्षणभर त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी तो जागेवर आणला.

“खाली खोलीत एसी लावून झोपतो म्हणाला असतात तर मी नाही म्हटलं असतं का?”

“एसीत माझे खांदे धरतात. आणि त्याला वास नसतो गं.” हे मात्र ते खऱ्यासारखं बोलले. “कूलरच्या ओल्या गवताचा.”

“पाणी कुठलं?” त्यांनी विचारलं. “या कूलरला पाणी कुठलं लावलंय?”

 संग्राम दारात ताठ झाला. विजयालक्ष्मीबाईंनी हातातला कागद मुद्दाम उघडला, दोघांनाही दिसेल असा. “नीट आठवून सांगा. याला कच्चं पाणी असेल, तर मिठाचा हिशेब अजून लागलेला नाही. मग मी खाली जाऊन यावर सही करते, आणि हा माणूस सोमवारी घरी बसतो. मऊ पाणी असेल, तर कागद फाडते, आणि कूलर आज जातो. कायमचा.”

बळवंतरावांनी कूलरकडे पाहिलं. मग संग्रामकडे. त्यांचा चेहरा दोन्हीकडे सारखाच ओढला गेला. 

“कच्चं,” ते शेवटी म्हणाले, आणि लगेच त्यांची गाडी उतारावर सुटली. “बोअरचं. मी स्वतः बादलीनं भरतो. रोज तीस बादल्या. खालच्या नळावरून, अडतीस पायऱ्या, दोन्ही हातांत दोन-दोन. परवा शेजारच्यांनी तर विचारलं, बाबूजी, कौनसी चक्की का आटा खाते हो? मऊ पाण्याचा थेंब याला लागलेला नाही. आणि मीठ संग्रामनंही नेलेलं नाही, तो साधा माणूस आहे. मीठ... मीठ हवेत उडतं. या लूच्या झळांमध्ये. काल मी जिभेवर झेललं. क्यों संग्राम, तू तो जानता है, कच्चा पानी है ना? बिल्कुल कच्चा.”

 संग्राम पुढे आला, कूलरचा प्लग काढला आणि बाजूची जाळी दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली. आतलं गवत पाण्यानं निथळत होतं. पिवळं, मऊ, कालच बाजारातून आणल्यासारखं. त्यानं बोट गवतातून फिरवलं, जाळीच्या तारेवरून फिरवलं आणि ते बोट विजयालक्ष्मीबाईंच्या चष्म्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. पांढऱ्याचा कणही नव्हता.

“आंटीजी, इस इलाके का कच्चा पानी महीना भर चले तो ये घास पत्थर हो जाती है. सफ़ेद. हाथ से टूटती है.” त्याचा आवाज आता जिन्यापर्यंत जात होता. तो बळवंतरावांकडे वळला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं त्यांना ना अंकलजी म्हटलं ना बाबूजी. “झूठ! सरासर झूठ बोल रहे हो आप!”